आशात्याग आणि आर्ताचा धीर

आशा हे बंधन आहे, ही गोष्ट परमार्थाच्या वाटेला लागणाऱ्यास अगदी प्रारंभीच सांगितली जाते. घर, शेत, पुत्र, कीर्ती यांची आशा सुटल्यावाचून जीव परमेश्वराकडे वळत नाही, असा उपदेश ऐकतच साधक वाढतो. असा साधक कर्करोगाने ग्रासलेल्या एखाद्या वासनिकाच्या अंथरुणाशी जाऊन बसला की त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. त्या रुग्णाने सर्व आशा सोडलेली असते. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, औषध पुढे केले तर मान फिरवतो, कोणी बोलले तर उत्तर देत नाही. घरची माणसे साधकाला हात जोडून विनवतात, 'बाबा, याला थोडी आशा द्या.' जी सोडावी असे शास्त्र सांगते, तीच वस्तू साधकाने द्यावी काय? आणि द्यावयाची तर ती खरी असेल की खोटी?

हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. त्याचे उत्तर चुकले तर अंथरुणावरचा जीव अधिक होरपळतो. म्हणून त्याचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम आशात्याग आणि नैराश्य यांतील भेद पाहावा. ज्याने आशा टाकली तो मोकळा होतो. ज्याची आशा हिरावली गेली तो मोकळा होत नाही. विषय हातातून गेलेला असतो, पण त्याची ओढ पूर्वीइतकीच असते आणि ती आता भरून येण्याचा मार्ग उरलेला नसतो. चोराने धन नेले म्हणून कोणी संन्यासी ठरत नाही, तसेच रोगाने उमेद नेली म्हणून कोणी विरक्त ठरत नाही. तेव्हा निराश रुग्णाकडे पाहून 'बरे झाले, याचा संसार सुटला' असे मानणे ही विचाराची चूक आहे, आणि निर्दयताही आहे. नैराश्य हे वैराग्याचे रूप नाही. ते दुःख आहे, आणि दुःखिताचे दुःख शक्य तितके हलके करणे हा दयाधर्म आहे.

आता त्या दुःखाचे स्वरूप पाहू. विदर्भातील एखादा कापूस पिकवणारा शेतकरी घ्यावा. वीस वर्षे त्याने खर्रा खाल्ला. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, त्याची जखम झाली, ती भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठविले, तेथून तो मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात गेला. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर, उपचाराची पाळी येईपर्यंत, दूरदूरच्या गावांहून आलेली अशी कुटुंबे बोचकी टेकवून बसलेली दिसतात. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी ही रांग संपलेली नाही.

शस्त्रक्रियेत या शेतकऱ्याचा जबड्याचा भाग जातो. मग किरणोपचार होतात. तोंड कोरडे पडते, चव जाते, काही काळ नाकातल्या नळीवाटे पातळ अन्न द्यावे लागते. बोललेले लोकांना कळत नाही. आरशात चेहरा पाहवत नाही. शेत गहाण पडलेले असते. आणि हे सर्व सोसून वर्षभराने रोग पुन्हा उलटतो. डॉक्टर त्याच्या मुलाला बाजूला घेऊन काही सांगतात. मुलगा डोळे पुसून आत येतो आणि म्हणतो, 'बाबा, सगळं ठीक आहे.' बाबा मुलाच्या डोळ्यांकडे पाहतो आणि त्या क्षणापासून त्याचे बोलणे बंद होते.

या शेतकऱ्याचा धीर एकाच कारणाने खचलेला नाही. वेदना आहे, अपराधाची टोचणी आहे, आपण घराला बुडविले ही लाज आहे, आणि आपल्या माणसांनीच आपल्यापासून काही लपविले हा एकटेपणा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या डॉक्टर एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी मरणोन्मुख रुग्णांशी बोलून १९६९ साली नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. पुढे लोकांनी या अवस्थांची शिडी करून टाकली आणि रुग्णाने ती पायरीपायरीने चढलीच पाहिजे असे मानू लागले. प्रत्यक्षात सकाळी स्वीकार करणारा माणूस सायंकाळी संतापतो. साधकाने त्याला कोणत्याही पायरीवर ढकलू नये. आज तो कोठे आहे, एवढे पाहावे.

येथे पहिली शंका येते. रोग हा पूर्वकर्माचा भोग आहे, असे शास्त्र मानते. मग ते रुग्णाला सांगण्यात दोष कोणता? उलट, हे आपलेच कर्म आहे हे कळल्याने त्याला शांती मिळणार नाही काय?

याचे समाधान असे. कर्माचा सिद्धांत प्रत्येकाने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या संचितात काय आहे हे जाणण्याचे सामर्थ्य अविद्येने वेढलेल्या जीवाला नाही. जे आपण जाणत नाही, ते जाणतो असे दाखवून आर्ताच्या कपाळी मारणे हे असत्य भाषण होय, आणि त्यात हिंसाही आहे. हिंसा केवळ शस्त्राने होते असे नाही. 'कुणाचं काय वाईट केलं होतंस रे?' हा एक प्रश्न विचारून शेजारीण निघून जाते, पण रुग्ण तो प्रश्न रात्रभर उशाशी घेऊन जागतो. रुग्णाने आपण होऊन कर्माचा विषय काढला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही त्याला दोषी ठरविण्याऐवजी एवढेच सांगावे की भोग हा भोगून संपणारा असतो, आणि भोगात असलेल्या जीवाला परमेश्वराने टाकलेले नसते.

तंबाखूविषयीही हाच विवेक ठेवावा. ज्याला रोग झालेला नाही त्याला तंबाखूचे परिणाम कठोर शब्दांत सांगणे योग्य आहे. ज्याला झाला आहे त्याला ती सोडण्यास साहाय्य करणेही योग्य, कारण उपचारांच्या काळातही तंबाखू सोडल्याचा लाभ होतो. परंतु 'खाल्लास म्हणून भोग' हे वाक्य कोणत्याही उपचाराचा भाग नाही.

दुसरी शंका सुशिक्षितांची आहे. ते म्हणतात, 'मन खंबीर ठेवले की रोग हटतो. म्हणून रुग्णाला सतत हसतमुख राहावयास सांगावे.' या समजाला एकेकाळी संशोधनाचा आधारही मिळाल्यासारखे वाटले. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ज्या स्त्रिया दर आठवड्यास एकत्र बसून मन मोकळे करीत होत्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. साहजिकच जगभर मोठी आशा निर्माण झाली. परंतु २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही एकंदरीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र कॅनडातील अभ्यासात एक गोष्ट टिकली. ज्या स्त्रिया आरंभी अधिक व्यथित होत्या, त्यांची मनाची व्यथा आणि वेदनेची जाणीव अशा सोबतीने कमी झाली.

या निष्कर्षाचे दोन अर्थ साधकाने नीट ध्यानात घ्यावेत. धीर हा रोग हटविण्याचे औषध म्हणून विकता येत नाही. तसे केले तर रोग वाढताच 'तूच मन घट्ट केले नाहीस' असा नवा दोष रुग्णाच्या माथी बसतो, आणि शेजारणीच्या प्रश्नात व या उपदेशात फरक उरत नाही. दुसरा अर्थ असा की, धीराला आयुष्य वाढविण्याच्या कसोटीवर तोलण्याची गरजच नाही. उरलेले दिवस कमी दुःखाने जावेत, हे आपल्या जागी पुरेसे फळ आहे. रुग्णाला रडू यावे, रागही यावा. त्याला हसावयास लावणे हे साधकाचे काम नाही.

मग साधकाने करावे काय? धीर हा वरून ओतावयाचा पदार्थ नाही. तो ज्या कारणांनी खचला ती कारणे एकेक करून दूर करावीत, म्हणजे तो पुष्कळदा आपोआप उभा राहतो. शरीराची वेदना हे त्यांतील पहिले कारण. ज्याला क्षणभर झोप नाही त्याच्यापुढे निरूपण करणे व्यर्थ आहे. इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या बाईंनी हे ओळखले. मरणोन्मुखाच्या वेदनेत शरीर, मन, कुटुंबाची चिंता आणि आत्म्याची तळमळ हे चारही एकत्र असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर साध्या औषधापासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने जाण्याची पद्धत घालून दिली. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना हे भारतातील पहिले असे आश्रयस्थान सुरू झाले. १९९३ साली केरळात कालिकतला वेदनामुक्तीचे कार्य उभे राहिले, आणि पुढे गावोगावचे साधे लोक शिकून घेऊन शेजारच्या रुग्णाची घरी जाऊन सेवा करू लागले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून असे केंद्र चालत आहे.

तरीही कित्येक रुग्ण वेदनेतच जातात. याचे एक कारण कायद्याचे होते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचे जाळे एवढे वाढले की रुग्णालयांतील मॉर्फिनचा वापर झपाट्याने घटला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सुकर झाली. दुसरे कारण लोकांच्या मनात आहे. मॉर्फिन म्हणजे व्यसन, किंवा मॉर्फिन म्हणजे शेवट, असा समज आहे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. आणि वेदना निवारणारी ही उपशामक सेवा केवळ शेवटच्या दिवसांची नाही. २०१० साली अमेरिकेत बोस्टन येथील १५१ फुप्फुस-कर्करोगी रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना आरंभापासून ही सेवा मिळाली त्यांच्यात खिन्नता कमी आढळली. अंगावर येणारे उपचार कमी घेऊनही ते अधिक जगले. त्यांच्या बाबतीत आयुर्मानाचा मध्यांक ११.६ महिने होता, तर इतरांच्या बाबतीत ८.९ महिने.

कोणी म्हणेल, वेदना भोगून कर्म फिटते, मग ती औषधाने का शमवावी? याला उत्तर असे की हा प्रश्न दुसऱ्याच्या वेदनेविषयीच विचारला जातो. स्वतःची दाढ दुखू लागली म्हणजे कोणी तो विचारीत नाही. तहानलेल्यास पाणी देताना आपण त्याचा भोग मोडतो असे कोणी मानीत नाही. जे पाण्याला लागू, ते मॉर्फिनलाही लागू.

धीर खचण्याचे दुसरे कारण असत्य. येथे घरच्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वाटते, खरे कळले तर तो मरणाआधीच मरेल. परंतु रुग्णाला बहुधा कळलेलेच असते. उपचार थांबतात, पाहुणे वाढतात, भाऊ न बोलावता येतो. मग तो आणि घरचे असे दोघेही एकमेकांपासून लपवीत बसतात, आणि ज्या काळात बोलावयाचे ते सारे राहून जाते. याउलट, सत्याच्या नावाखाली न विचारता 'तुझे चार महिने उरले' असे सांगून मोकळे होणे हेही सत्यव्रत नव्हे. दिवस मोजण्याचा अधिकार डॉक्टरालाही अंदाजापुरताच आहे.

या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, आणि ती विचारण्याची आहे. साधकाने जवळ बसावे आणि म्हणावे, 'भाऊ, डॉक्टरांनी तुम्हांला काय सांगितलं? तुम्हांला स्वतःला काय वाटतं?' आणि मग गप्प राहावे. गप्प राहणे कठीण जाते, पण ते आवश्यक आहे. ज्याचा जबडा गेला आहे त्याच्या हाती पाटी-पेन्सिल द्यावी आणि तो लिहीपर्यंत थांबावे. तो 'मी मरणार का?' असे लिहील. तेव्हा 'छे छे' म्हणू नये. 'ही भीती कधीपासून आहे?' असे विचारावे. त्याने विचारले तेवढेच सांगावे, आणि सांगितले ते खरे असावे. 'माहीत नाही' हे उत्तरही, ते खरे असेल तर, आधार देते.

अशा बोलण्यातून एक गोष्ट दिसून येते. सत्य कळल्याने आशा नाहीशी होईल ही घरच्यांची भीती बहुधा खरी ठरत नाही. ती आपला विषय बदलते. 'मी पूर्ण बरा व्हावा' ही आशा गेली, तर 'मला घरी नेऊन ओसरीवर ठेवा', 'मुलीचा साखरपुडा पाहू द्या', 'रात्र दुखण्यावाचून जावी', 'रुसलेला भाऊ एकदा येऊन जावा' अशा लहान लहान इच्छा त्या जागी येतात. त्यांतील पुष्कळ पुऱ्या करता येतात. साधकाने अंथरुणाशी द्यावयाची ती हीच गोष्ट. न पाळता येणारे मोठे वचन देऊ नये. पाळता येईल असे लहान वचन द्यावे आणि ते पाळावे. 'गुरुवारी दुपारी येईन' असे म्हटले तर गुरुवारी दुपारी जावे. ज्याचा सर्वांवरचा विश्वास उडाला आहे, त्याचा विश्वास तेथून परत येऊ लागतो.

तिसरे कारण निरुपयोगीपणाची जाणीव. जो उभा जन्म घराला पोसत आला तो आता घरावर भार झाला, ही टोचणी वेदनेहून तीव्र असते. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी अशा रुग्णांसाठी एक साधी पद्धत योजली. रुग्णाला त्याच्या जीवनातील महत्त्वाच्या गोष्टी विचारावयाच्या, आपल्या माणसांना काय सांगून ठेवावयाचे आहे ते विचारावयाचे, ते नोंदवावयाचे, शुद्ध करून त्याला वाचून दाखवावयाचे आणि मग ते लिखित त्याच्या कुटुंबाला देण्यासाठी त्याच्या हाती ठेवावयाचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १०० रुग्णांच्या अभ्यासात ९१ टक्के रुग्णांनी समाधान सांगितले आणि ७६ टक्के रुग्णांना आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखे वाटले. आमच्या शेतकऱ्याला कोणत्या शेतात पाणी कोठे मुरते, कोणाचे देणे फिटले आणि कोणाचे राहिले, मुलाने काय सांभाळावे, हे सर्व ठाऊक आहे. ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. ते घेताना आपण उपकार करीत आहोत असा भाव नसावा, कारण खरोखर घेणारे आपण असतो.

ही पद्धत महानुभावांना परकी वाटू नये. श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्यांच्या शिष्यपरिवारावर जे दुःख कोसळले त्याला तोड नाही. नागदेवाचार्यादी मंडळी त्या विरहात ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिली. गेलेले सन्निधान परत आणणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती स्मरण होते. म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याला ती विचारली, ताडून पाहिली, लिहून काढली, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. तेथे विरह नाकारला गेला नाही आणि खोटे सांत्वनही केले गेले नाही. दुःखाला करण्यासारखे काम मिळाले. असन्निधानात जीवाने कशाच्या आधारे राहावे, याचे उत्तर त्या पिढीने आपल्या आचरणाने दिले आहे. कर्करोगाच्या रुग्णाची स्थिती निराळी आहे, हे खरे. परंतु हवे ते परत मिळणार नाही हे जाणूनही आजचा दिवस कशाने भरावा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ज्याला बोलता येत नाही त्यालाही स्मरण करता येते, कारण त्याला जिभेची गरज नाही. त्याची इच्छा असेल तर साधकाने त्याच्याजवळ बसून सावकाश नामस्मरण करावे. इच्छा नसेल तर आग्रह धरू नये. नुसते बसावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. रुग्णाचे खिन्न होणे हे नेहमीच विचाराने सुटणारे नसते. दोन आठवडे किंवा अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप नाहीशी झाली असेल, मृत्यू मागणे किंवा स्वतःचा घात करण्याचे बोलणे चालू असेल, तर ते मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर औषध आहे. तेव्हा साधकाने आपल्या उपदेशाचा अभिमान बाजूला ठेवून घरच्यांना तत्काळ डॉक्टरकडे पाठवावे आणि रुग्णाला एकटे ठेवू देऊ नये. त्याचप्रमाणे रात्रंदिवस नळी धुणाऱ्या, अंथरूण बदलणाऱ्या त्याच्या पत्नीकडेही पाहावे. तिला आपण किती थकलो हे सांगण्याचीही लाज वाटते. 'वहिनी, आज दुपारी मी बसतो, तुम्ही निजा,' हे एक वाक्य त्या घरातील धीर पुष्कळ वाढविते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे यावे. साधकाने आशा द्यावी काय? रोग हटेल ही आशा त्याच्या देण्याची वस्तूच नाही. जेथे ती खरी आहे तेथे डॉक्टर ती देतील, आणि आज पुष्कळ कर्करोग वेळेवर सापडले तर बरे होतात. साधकाने द्यावयाचा तो भरवसा. वेदना झाली तर ती शमविण्यासाठी कोणी धावेल, विचारले तर खरे सांगितले जाईल, दोष दिला जाणार नाही, आणि शेवटपर्यंत कोणी उशाशी असेल, हा तो भरवसा होय. आशा उद्याच्या दिवसाकडे पाहते. भरवशाला आजचा दिवस पुरतो. म्हणून त्यात आणि आशात्यागात विरोध नाही. उलट, ज्याला असा भरवसा मिळाला त्याच्या हातून, घट्ट धरलेली आशा कधी कधी आपणहून सैल होते, आणि तेव्हाच त्याचे चित्त परमेश्वराकडे वळण्यास मोकळे होते.

भिक्षुकांनी आणि वासनिकांनी आपापल्या गावी असा एक तरी रुग्ण शोधावा. त्याच्याकडे जाताना हाती पोथी असली तर उत्तम, पण जाण्याचा वार ठरलेला असावा.